पुढें जाण्याचें तिकीट

कल्याण-डोंबिवलीकडून येणारा, मुंब्र्याकडून येणारा, महाप्याकडे उतरणारा आणि तळोजें-पनवेलकडे जाणारा, असे चार रस्ते जेथें एकमेकांस मिळतात त्या ठिकाणाला शीळफाटा म्हणतात. या बाजूच्या लोकांना हें नांव ऐकतांच प्रथम आठवते ती वाहनांची रांग. न्हावा-शेव्याच्या बंदराकडून येणारे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, कचेऱ्यांच्या बसगाड्या, रिक्षा आणि दुचाक्या या सर्वांना फाट्यावर एकच न्याय लागू असतो. जो मागून आला तो मागें उभा राहतो. एखादा मध्येंच घुसतो, त्याच्या नांवानें चार शब्द उच्चारले जातात, आणि रांग पुन्हां मुंगीच्या पावलानें सरकूं लागते.

मे महिन्यांतील एखाद्या रविवारीं सकाळीं सातच्या सुमारास या रांगेंत ज्या गाड्या दिसतात त्यांपैकीं कांहींचा रोख निराळाच असतो. मागच्या बांकावर मुलें, पायांशीं पाण्याच्या बाटल्या, डिकींत जादा कपडे आणि आजीच्या मांडीवर थालीपिठांचा डबा. (हा डबा दारांतच संपवावा लागणार; बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक उद्यानांत आंत नेऊं देत नाहींत.) ही मंडळी निघालेली असते पनवेल व खालापूर ओलांडून, खोपोली-पाली रस्त्यावरील सांगडेवाडीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाकडे. २०१३ सालच्या एप्रिल महिन्यांत ‘ॲडलॅब्ज इमॅजिका’ या नांवानें तें उघडलें. ठाणें जिल्ह्याला मनोरंजन उद्यानें त्यापूर्वींही अपरिचित नव्हतीं. घोडबंदर रस्त्याच्या बाजूस टिकुजिनी वाडी व सूरज वॉटर पार्क होतीं, आणि गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ पासून एस्सेल वर्ल्ड होतें. परंतु रोलर कोस्टर, पडद्यावरील चित्राबरोबर हालणाऱ्या खुर्च्या, अंधाऱ्या भुयारांतून जाणारी होडी, असा पाश्चात्त्य धर्तीचा एकत्र पसारा या भागांतील लोकांना प्रथम खोपोलीसच पाहावयास मिळाला.

तिकिटाच्या खिडकीशीं आल्यावर कुटुंबप्रमुखास एक निवड करावी लागते. एक तिकीट साधें. दुसरें त्याहून बरेंच महाग. त्याला येथें एक्स्प्रेस म्हणतात, केरळ-कर्नाटकाकडील वंडरला उद्यानांत फास्ट ट्रॅक म्हणतात, अमेरिकेंत आणखी कांहीं. नांवें वेगळीं, वस्तु एक. जो खेळ साध्या तिकिटाला मिळतो तोच या तिकिटाला मिळतो. तेंच आसन, तीच चढण, तीच किंकाळी. अधिक पैशांच्या मोबदल्यांत मिळतें तें एवढेंच कीं, रांगेंत उभें न राहतां दुसऱ्या दारानें पुढें जातां येतें. चार-पांच माणसांच्या कुटुंबाला हा फरक कांहीं हजारांच्या घरांत जातो. म्हणून बाप थोडा घुटमळतो आणि बहुधा साधींच तिकिटें घेतो. मग अकराच्या उन्हांत, रोलर कोस्टरच्या रांगेंत पाऊण तास उभें राहिल्यावर, शेजारच्या मोकळ्या वाटेनें आठ-दहा जण हंसत हंसत पुढें जातात आणि धाकटा विचारतो, “बाबा, ते आतां आले ना? मग आधीं कसे गेले?”

हा प्रश्न पोरकट नाहीं. त्याचें उत्तर द्यावयाचें तर रांग म्हणजे काय, ती कोणाची, आणि पैसे देणाऱ्यानें नेमकें काय विकत घेतलें, हें पाहिलें पाहिजे.

आपल्याकडील जत्रेंत ही अडचण फारशी उद्भवत नसे. शीळफाट्यापासून जवळच खिडकाळीस खिडकाळेश्वराचें देऊळ आहे. महाशिवरात्रीस तेथें गर्दी लोटते. अशा जत्रांतून आकाशपाळणा असतो, मौतका कुवा असतो, घोड्यांचें चक्र असतें. प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे, ते हातांत घेऊन पाळणेवाला माणसें चढवतो. ज्याच्या खिशांत चारच खेळांचे पैसे आहेत तो चार खेळ खेळतो व भजीं खाऊन घरीं जातो. येथें गर्दीचें नियमन किंमत करते. कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १९५५ सालच्या जुलैंत डिस्नेलँड उघडलें तेव्हां तेथेंही हाच प्रकार होता. दारावर थोडें प्रवेशमूल्य आणि आंत प्रत्येक खेळाला निराळें तिकीट. पुढें त्याच वर्षीं तिकिटांचीं पुस्तकें निघालीं. त्यांत अ, ब, क अशा प्रतींचीं तिकिटें असत, आणि १९५९ पासून सर्वांत रोमहर्षक खेळांसाठीं पांचव्या प्रतीचें, म्हणजे ‘ई’ तिकीट सुरू झालें. पुस्तकांत चांगलीं तिकिटें मोजकींच असल्यामुळें मोठा खेळ कितीदां खेळावयाचा याला आपोआप मर्यादा पडे.

१९८२ मध्यें हीं पुस्तकें बंद झालीं. एकदां दाराशीं पैसे भरले कीं आंत सर्व मोकळें, ही रीत रूढ झाली, आणि तीच जगभर पसरली. ती सोयीची आहे यांत शंका नाहीं. प्रत्येक खेळापाशीं पाकीट उघडावें लागत नाहीं, मुलांनाही ‘नाहीं’ म्हणावें लागत नाहीं. परंतु जागा पूर्वींइतक्याच आणि मागणी मात्र अमर्याद, असें झाल्यावर वाटप करावयाचें तें कशानें? पैशानें करावयाचें नाहीं असें ठरलें, म्हणून तें वेळानें होऊं लागलें. म्हणजे दारावरील तिकीट ही किंमतीची निम्मी बाजू. उरलेली निम्मी प्रत्येकजण पायांनीं चुकवतो. एका अर्थीं ही समता होती, कारण गिरणीमालकाचा तास आणि गिरणी-कामगाराचा तास रांगेंत सारखाच मोजला जात असे. १९९९ मध्यें डिस्नेच्या उद्यानांत फास्टपास निघाला तोही फुकटच होता. यंत्रांत आपलें तिकीट घालावें, यंत्र एक चिठ्ठी देई, तींत परत येण्याचा एक तासाचा अवकाश छापलेला असे. त्या वेळांत आल्यास छोट्या रांगेंतून जातां येई. मधल्या वेळांत माणूस उभा राहण्याऐवजीं दुकानांतून व उपाहारगृहांतून हिंडावा, हा मालकांचा त्यांतला हिशेब. चिठ्ठी सर्वांना सारखीच मिळे. जो लवकर उठून येई त्याला अधिक मिळत, इतकेंच. २०२० च्या साथींत उद्यानें बंद पडलीं, आणि पुन्हां उघडल्यावर ही फुकटची चिठ्ठी परत आली नाहीं. २०२१ सालच्या ऑक्टोबरपासून फ्लॉरिडांत तिच्या जागीं माणशी दिवसाला १५ डॉलर आकारणारी योजना आली, डिसेंबरांत कॅलिफोर्नियांत २० डॉलरची. त्यानंतर नांवें बदललीं व दर चढत गेले. अशा रीतीनें १९८२ सालीं पुढल्या दारानें घालविलेली किंमत चाळीस वर्षांनीं बाजूच्या दारानें परत आली. फरक इतकाच कीं, आतां ती खेळाची किंमत नसून, वाट न पाहण्याची किंमत आहे.

आतां हिशेब. समजा, रोलर कोस्टरच्या एका गाडींत २४ जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनीं एक गाडी सुटते. तासाला २० गाड्या, म्हणजे ४८० माणसें. ही संख्या यंत्राच्या बनावटीवर, पट्टे तपासण्यास लागणाऱ्या वेळावर आणि गाड्यांमधील सुरक्षित अंतरावर ठरलेली असते; कोणी कितीही पैसे दिले तरी चोविसाव्यानंतर पंचविसावी जागा निर्माण होत नाहीं. रांगेंत ४८० माणसें उभीं असतील तर शेवटच्याचा नंबर एका तासानें लागेल. इतक्यांत एक पासधारक येतो आणि सर्वांच्या पुढें जाऊन बसतो. त्याचा पूर्ण तास वांचला. रांगेंतील प्रत्येकाचें काय झालें? प्रत्येकजण एका जागेनें मागें सरला, आणि एका जागेचा वेळ म्हणजे साडेसात सेकंद. साडेसात सेकंदांस ४८० नीं गुणावें. उत्तर बरोबर एक तास येतें. जो तास त्याला मिळाला तो कोठून आकाशांतून पडला नाहीं. ४८० माणसांच्या खिशांतून साडेसात-साडेसात सेकंद काढून तो गोळा केला गेला.

रांगेचें हें शास्त्र नवें नाहीं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग नांवाच्या डॅनिश गणितज्ञानें १९०९ मध्यें टेलिफोनच्या मागण्यांचें गणित मांडून त्याचा पाया घातला, आणि लेनर्ड क्लाइनरॉक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६५ सालीं असें सिद्ध केलें कीं, काम करणारें यंत्र रिकामें बसत नसेल तर, कोणाला आधीं घ्यावयाचें याचा क्रम बदलून वाट पाहण्याचें एकंदर ओझें कमी होत नाहीं, तें फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातें. शीळफाट्याच्या ट्रकवाल्याला हा सिद्धांत कोणी शिकविला नाहीं, पण मध्यें घुसणाऱ्याला तो जे शब्द ऐकवतो त्यांचा आशय तोच असतो.

येथें कोणी म्हणेल, साडेसात सेकंदांचें तें काय मोठें? एकाचें कांहींच नाहीं. परंतु पास एकालाच विकला जात नाहीं. वरच्याच उदाहरणांत तासाला ४८ पासधारक येत असतील तर साध्या रांगेसाठीं ४३२ जागा उरतात आणि ४८० व्या माणसाचा नंबर साठऐवजीं सुमारें ६७ मिनिटांनीं लागतो. हें सुसह्य आहे. तासाला १९२ पासधारक आले तर उरतात २८८ जागा, आणि साठ मिनिटांचीं शंभर मिनिटें होतात. चारांतील तीन जागा पासवाल्यांना दिल्या तर तासाला केवळ १२० साधीं माणसें चढतात आणि त्याच ४८० व्या माणसाला चार तास लागतात. पासांची संख्या समान पावलांनीं वाढते, पण साध्या रांगेचा काळ तसा वाढत नाहीं. आरंभीं तो हळूहळू चढतो आणि पुढें एकदम उसळतो. म्हणून या सर्व प्रकरणांत पासाची किंमत हा खरा प्रश्न नव्हे. किती पास विकले, आणि जेथें दोन रांगा मिळतात तेथें कोणत्या प्रमाणांत माणसें सोडलीं, हा खरा प्रश्न आहे. त्या ठिकाणीं एक तरुण कामगार दोरी हातीं धरून उभा असतो. चार यांतले, एक त्यांतला, किंवा उलट. प्रमाण त्याला वरून सांगितलेलें असतें, शिव्या मात्र त्याला समोरून मिळतात.

शिवाय एक गोष्ट या साध्या हिशेबांत धरलेली नाहीं. पासधारक रांगेंत अडकत नाहीं, म्हणून तो दिवसभरांत अधिक खेळ खेळतो. साध्या तिकिटावर जो सहा खेळ खेळला असता तो पासावर दहा-बारा खेळतो, आवडलेला खेळ परवानगी असेल तर पुन्हां खेळतो. हीं जादा आसनें कोणाचीं? त्याच साध्या रांगेचीं. म्हणजे क्रम तर बदललाच, वर मागणीही वाढली.

याच्या उलट उदाहरण याच प्रवासांत भेटतें. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. सुटे पैसे मोजणें, पावती फाडणें, हा दर मोटारीमागचा वेळ त्यानें कमी केला. म्हणजे तासाला अधिक मोटारी सुटूं लागल्या. तेथें एकाची सोय झाली ती दुसऱ्याच्या वेळांतून झाली नाहीं. नाक्यावर अद्यापि गर्दी होते आणि यंत्र कधीं वाचत नाहीं हें खरें. परंतु तत्त्व निराळें आहे. टोलनाक्याचा फास्टॅग रांग आखूड करतो, उद्यानाचा फास्ट ट्रॅक रांगेंतलीं माणसें पुढेंमागें करतो, आणि नांवें सारखीं असल्यामुळें दोहोंची गल्लत होते.

हें सर्व मनोरंजनापुरतेंच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. कल्याण-ठाण्याच्या लोकांनीं त्याचा अनुभव २०२२ सालच्या ऑगस्टमध्यें रोजच्या पोटापाण्याच्या प्रवासांत घेतला. मध्य रेल्वेनें त्या महिन्याच्या १९ तारखेस दहा वातानुकूलित लोकल फेऱ्या वाढविल्या. पण त्या जादा नव्हत्या, साध्या लोकलच्या जागीं घातलेल्या होत्या. रुळांवरून तासाला ठराविकच गाड्या जाऊं शकतात. त्यांतली एक अधिक भाड्याची केली कीं त्या वेळच्या साध्या गाडीचा लोंढा पुढच्या साध्या गाडीवर कोसळतो, आणि जी गाडी आधींच दारापर्यंत भरलेली असते तींत हा लोंढा माववावयाचा असतो. कळव्यास प्रवाशांनीं कारशेडमधून निघणारी वातानुकूलित गाडी अडविली, बदलापुरास प्रवासी स्टेशनमास्तरांपुढें जमले, आणि २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या मागें घेण्यांत आल्या. वातानुकूलित डब्यावर राग धरण्याचें कोणास कारण नव्हतें. आपल्या वेळापत्रकांतील जागा आपल्याला न विचारतां दुसऱ्यास दिली गेली, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. आणि उद्यानाच्या रांगेंतील त्या पोराचेंही, भाषा सोडली तर, तेंच आहे.

महाराष्ट्रांत पैसे भरून पुढें जाण्याची ओळख बहुतेकांना उद्यानांत होण्याच्या आधीं देवळांत झालेली असते. त्र्यंबकेश्वरीं माणशी २०० रुपये घेऊन वेगळ्या रांगेनें दर्शन देण्यांत येऊं लागलें, त्याविरुद्ध २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली. शिर्डीस व तुळजापुरासही सशुल्क दर्शनाचे पास आहेत. २०२५ सालच्या ३१ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयापुढें देशांतील देवळांतून चालणाऱ्या अशा विशेष दर्शनाचा प्रश्न आला. असा वेगळा मान कोणास देऊं नये असें मत न्यायमूर्तींनीं दर्शविलें, पण त्यासाठीं न्यायालयानें आदेश काढावा असें हें प्रकरण नव्हे, असें सांगून अर्ज निकालांत काढला. पंढरपुराची रीत या बाबतींत विचार करण्याजोगी आहे. तेथें ज्याला पायांवर मस्तक ठेवावयाचें तो पदस्पर्शदर्शनाच्या लांब रांगेंत उभा राहतो, आणि ज्याला तितका वेळ किंवा शक्ति नाहीं तो मुखदर्शनाच्या आखूड रांगेनें जातो. येथें लवकर जाणारा कमी घेऊन लवकर जातो. त्याचा वेळ वांचतो, आणि मागच्या वारकऱ्याचा एक क्षणही जात नाहीं.

देऊळ आणि उद्यान यांची तुलना पुढें फार ताणूं नये. उद्यान हा व्यापार आहे, यंत्रांची देखभाल खर्चाची असते, आणि पासाचें उत्पन्न नसतें तर साधें तिकीटच महाग करावें लागलें असतें, असें मालक म्हणतात. तें अगदींच खोटें नव्हे. पासाच्या बाजूनें आणखीही बोलतां येतें. लांबून, आयुष्यांत एकदांच येणारा माणूस, तान्हें मूल घेऊन आलेली आई, संध्याकाळची गाडी गांठावयाची असलेला प्रवासी, यांना वेळाची गरज इतरांहून अधिक असूं शकते, आणि ती ओळखण्याचें दुसरें साधन खिडकीवरील कारकुनाजवळ नसतें. हार्वर्डचे अध्यापक मायकेल सँडेल यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाचें पहिलेंच प्रकरण रांग मोडण्याच्या या प्रश्नाला दिलें आहे, आणि अर्थशास्त्रज्ञांचा हा युक्तिवाद त्यांत तपासला आहे. युक्तिवाद असा कीं, जो अधिक पैसे देतो त्याला गरज अधिक असते. पण पैसे देण्याची इच्छा आणि ऐपत या दोन गोष्टी एकाच नोटेंत मिसळलेल्या असतात. नोट पाहून कोणती किती हें सांगतां येत नाहीं. तळोज्याच्या कारखान्यांतला कामगार सुटीच्याच दिवशीं येऊं शकतो, म्हणजे नेमका अधिक गर्दीच्या दिवशीं. आपल्या सोयीनें मंगळवार निवडूं शकणाऱ्याला मुळांत पासाची गरजच नसते.

मालकाच्या युक्तिवादांत एक दुखरी जागा आहे. रांग जितकी लांब तितका पास अधिक खपतो. ज्या संस्थेला रांग आखूड करण्याचा खर्च करावयाचा आहे, तिलाच लांब रांगेपासून उत्पन्न मिळतें. तिसरी गाडी रुळांवर सोडावयाची कीं नाहीं, एका खिडकीवर दुसरा माणूस नेमावयाचा कीं नाहीं, असले निर्णय घेतांना हा मोह उभा राहणारच. कोणी त्याला बळी पडतो असा आरोप येथें करावयाचा नाहीं. मोह आहे एवढें सांगितलें म्हणजे पुरे. म्हणून ग्राहकानें मागावयाचें तें पास बंद करा असें नसून, पासांना दर तासाची कमाल मर्यादा ठेवा आणि प्रत्येक खेळाच्या तोंडाशीं साध्या रांगेचा खरा काळ लिहा, असें असावें. तो काळ तिकीट काढण्यापूर्वीं दिसला पाहिजे, काढल्यावर नव्हे.

वाट पाहण्याच्या मनोव्यापारावर डेव्हिड मायस्टर यांनीं १९८५ सालीं लिहिलेला एक निबंध या धंद्यांत अद्याप वाचला जातो. रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षां लांब वाटतो, किती थांबावें लागेल हें ठाऊक नसलें कीं तो आणखी लांब वाटतो, आणि अन्यायानें थांबविलें गेल्याची भावना झाली म्हणजेही तो अधिक लांब वाटतो, हें त्याचें सार. बऱ्याच उद्यानांत पासाची वाट आडोशानें व दुसऱ्या बाजूनें काढलेली आढळते, तिचें कारण यांत आहे. वाट दिसत नाहीं म्हणून वेळ वांचत नाहीं. राग तेवढा वांचतो.

ज्यांना खरोखरच उभें राहतां येत नाहीं त्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेंत डिस्नेच्या उद्यानांत अपंगांना पुढें सोडण्याची सवलत होती. श्रीमंत कुटुंबें अपंग माणसांना पैसे देऊन सोबत नेतात व त्यांच्या आधारानें पुढें जातात, अशा बातम्या २०१३ च्या मे महिन्यांत आल्या, आणि ऑक्टोबरांत ती पद्धत बदलण्यांत आली. नव्या पद्धतींत अपंग व्यक्तीला रांगेइतक्याच काळानंतरची वेळ लिहून देत, आणि तोपर्यंत तिनें सावलींत बसावें. वाट पाहणें सर्वांइतकेंच, उभें राहणें मात्र माफ. मांडीवर डबा घेऊन आलेल्या आजीसाठीं याहून शहाणी योजना सुचविणें कठीण आहे, आणि तिला पैसेही लागत नाहींत.

मग शीळफाट्यावरून निघालेल्या कुटुंबानें पास घ्यावा कीं नाहीं? पावसाळ्यांतील अगर शाळा चालूं असतांनाच्या आठवड्यांतील मधल्या दिवशीं तो घेणें म्हणजे रिकाम्या रांगेला टाळण्याचे पैसे देणें होय. मे महिन्यांत, दिवाळीच्या सुटींत आणि डिसेंबरच्या अखेरीस त्याचा उपयोग होतो, परंतु त्या दिवशीं तो पुष्कळांनीं घेतलेला असल्यामुळें पासाच्या वाटेलाही रांग लागते, हें आधींच लक्षांत ठेवावें. खिडकीवर तीन गोष्टी विचाराव्या: पास कोणत्या खेळांना चालतो, एका खेळाला एकदां कीं अनेकदां, आणि यंत्र बंद पडल्यास त्याचें काय होतें. घरांतलीं दोन माणसें मोठे खेळ खेळणारच नसतील, आजी आणि उंचीच्या पट्टींत न बसणारें धाकटें मूल, तर सगळ्यांसाठीं पास घेण्यांत अर्थ नाहीं. दोघांपुरता मिळतो का हें पाहावें.

साध्या तिकिटावरही रांग पुष्कळ टाळतां येते. दार उघडण्याच्या आधीं पोंचावें. त्यासाठीं शीळफाटा सहाच्या आंत ओलांडलेला बरा. आंत गेल्यावर दाराजवळच्या पहिल्या खेळाकडे सर्वांचा ओढा असतो, तो सोडून सर्वांत मोठ्या खेळाकडे थेट जावें. पहिल्या तासाभरांत जे दोन-तीन मोठे खेळ होतात ते दुपारीं अर्धा दिवस खातात. जेवण साडेअकरास उरकावें, म्हणजे एक ते दोन या वेळांत इतर लोक जेवावयास बसले असतां रांगा मोकळ्या सांपडतात. दुपारच्या उन्हांत सावलीचे, खुर्चींत बसून पाहण्याचे खेळ घ्यावे. त्यांत एका वेळीं शेंकडों माणसें मावतात, म्हणून तेथें रांग लांब दिसली तरी लवकर संपते. आणि शेवटच्या तासांत, लांबचीं कुटुंबें परतीच्या वाटेला लागल्यावर, सकाळच्या त्या रोलर कोस्टरकडे पुन्हां एकदां जावें. त्या वेळीं शेजारच्या मोकळ्या वाटेनें जाणारेही फारसे उरलेले नसतात, आणि धाकटा झोंपला नसेल तर थोरल्याला एक फेरी सहज मिळते.